पॉइंट्स साठवू नका, आईवडिलांच्या प्रवासावर खर्च करा

पवारांच्या फौजांबरोबर माळव्यात आलेली मराठी घराणी धार आणि देवासमध्ये स्थिरावली त्याला आता तीनशे वर्षे होत आली. त्या घरांतली, आणि मागाहून बँक नोट प्रेस, किर्लोस्कर किंवा पिथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या घरांतली पुढची पिढी आता इंदूर-पुण्यावर थांबत नाही. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टोरांटोला किंवा सिडनीला आणि आईवडील साठी-सत्तरी गाठून घरी, हे आता नवलाचे राहिलेले नाही. बाळंतपण, बारसे, मुंज किंवा नुसती भेट म्हणून हे आईवडील निघतात आणि पंधरा-सोळा तास इकॉनॉमीच्या खुर्चीत अवघडून बसतात. गुडघे धरतात, पाय सुजतात, पोहोचल्यावर पहिले काही दिवस शीण काढण्यातच जातात. दुसरीकडे त्याच घरातल्या क्रेडिट कार्डांवर पॉइंट्स पडून असतात आणि शेवटी मिक्सर नाहीतर गिफ्ट व्हाउचर घेण्यात संपतात. या पॉइंट्सचा सर्वांत चांगला उपयोग एकच आहे: आईवडिलांच्या त्या एका लांब उड्डाणात पाठ टेकून झोपता येईल अशी बिझनेस क्लासची जागा. पण तो साधायचा तर पॉइंट्सना बचत समजणे आधी सोडायला हवे. ठरलेल्या प्रवासासाठी ते मिळवायचे, जागा डोळ्यांना दिसेपर्यंत बँकेतच ठेवायचे आणि दिसली की लगेच खर्चून टाकायचे. बाकीचे सगळे बारकावे यातूनच निघतात.

सुरुवात भूगोलापासून करू, कारण पॉइंट्सवरचे बहुतेक मार्गदर्शन दिल्ली-मुंबईत राहणाऱ्यांसाठी लिहिलेले असते. आपला विमानतळ इंदूरचा, देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. तो इंदूरच्या पश्चिमेला असल्यामुळे धारकरांना शहर न ओलांडता गाठता येतो; देवासकरांना मात्र शहराला वळसा घालून किंवा त्यातून वाट काढून जावे लागते. २०१९ च्या जुलैत इथून दुबईला एअर इंडियाची थेट सेवा सुरू झाली तेव्हा मोठा आनंद झाला होता, पण युरोप-अमेरिकेला इथून थेट विमान नाही. म्हणजे आपला प्रवास नेहमी दोन तुकड्यांचा: आधी इंदूर ते दिल्ली किंवा मुंबई, मग पुढचे लांब उड्डाण. पॉइंट्सवर फक्त दिल्लीपासूनचे तिकीट काढून इंदूर-दिल्लीचे तिकीट वेगळे घेतले, तर पहिले विमान लेट झाल्यावर दुसऱ्या विमानाची कंपनी जबाबदार राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके सकाळची विमाने तासन्‌तास अडवते हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणून शक्य तिथे इंदूरपासूनच एका तिकिटावर आरक्षण करावे. एअर इंडियाने दिल्लीमार्गे जायचे असेल तर हे बहुधा जमते. सामान इंदूरला दिले की थेट शेवटच्या विमानतळावर मिळते (अमेरिकेत मात्र पहिल्या विमानतळावर कस्टम्ससाठी ते घेऊन पुन्हा द्यावे लागते). तसे जमत नसेल तर आदल्या दिवशी दिल्लीला पोहोचून तिथे रात्र काढावी. हॉटेलचे चार-पाच हजार वाचवण्यासाठी दोन लाखांचे तिकीट पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता पॉइंट्स म्हणजे नेमके काय ते पाहू. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होते. बँकेचे रिवॉर्ड पॉइंट्स हा पहिला प्रकार. ते अनेक विमान कंपन्यांच्या खात्यांत वळवता येतात. दुसरा प्रकार विमान कंपनीच्या माइल्सचा. ते त्या कंपनीवर आणि तिच्या भागीदार कंपन्यांवरच चालतात. बँकेतून विमान कंपनीकडे जाता येते, परतीची वाट नाही. देवासच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटेमागे रिझर्व्ह बँक उभी असते. पॉइंट्स हे असे चलन आहे की छापणाराच वाटेल त्या दिवशी त्याची किंमत बदलतो आणि दाद मागायला जागा नसते. हे उगाच घाबरवायला सांगत नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅक्सिस बँकेच्या साध्या मॅग्नस कार्डाचे रूपांतराचे प्रमाण पाचास चारवरून पाचास दोन झाले. ज्याचे एक लाख पॉइंट्स आधी ऐंशी हजार माइल्स होत होते, त्याचे चाळीस हजारच राहिले. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरने १ नोव्हेंबर २०२५ पासून तिकिटांसाठी लागणारे माइल्स वाढवले. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली तेव्हा तिच्या माइल्सवर परदेश प्रवासाचे बेत आखलेल्यांना ते गुंडाळावे लागले. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी बाद होतात, एअर कॅनडाच्या एरोप्लानचे पॉइंट्स खात्यात १८ महिने काहीच हालचाल नसेल तर जातात, युनायटेडचे मात्र मुदत संपली म्हणून जात नाहीत. अशा चलनाला व्याज नसते, फक्त घट असते. म्हणून ते बँकेत, म्हणजे अनेक वाटा खुल्या असलेल्या जागी ठेवावे. एखादी विमान कंपनी रूपांतरावर जादा टक्के देते आहे म्हणून प्रवास ठरण्याआधीच वळवून टाकण्याचा मोह टाळावा.

मग एका माइलची किंमत धरायची किती? इथे जाहिराती आणि उत्साही लोक दोघेही फसवतात. उदाहरणादाखल दिल्ली ते न्यूअर्क एका बाजूचे बिझनेस क्लासचे तिकीट २,२०,००० रुपयांना आहे आणि तेच ९०,००० माइल्स आणि १०,००० रुपये कर भरून मिळते असे समजा. करांचे पैसे वजा करून भागाकार केला तर माइलला सुमारे २ रुपये ३३ पैसे पडतात. ऐकायला छान वाटते, पण खरा प्रश्न असा की हे आईवडील सव्वादोन लाख रोख देऊन कधी गेले असते का? बहुधा नाही. त्यांनी साठ हजारांचे इकॉनॉमी तिकीट काढले असते. त्या हिशेबाने वाचले फक्त पन्नास हजार आणि माइल पडला ५५ पैशांना. खरी किंमत या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे आणि ती ज्याची त्याने ठरवायची. झोपून जाण्यासाठी तुम्ही खिशातून जास्तीत जास्त किती दिले असते ते स्वतःला विचारा. उत्तर एक लाख वीस हजार आले तर माइलची किंमत १ रुपया २२ पैसे. आता ती बँकेच्या दुसऱ्या पर्यायाशी ताडून पाहा. एचडीएफसीच्या इन्फिनियासारख्या महागड्या कार्डावर बँकेच्याच पोर्टलवरून विमानाचे तिकीट काढले तर पॉइंट एका रुपयाला जातो, तर तोच पॉइंट बिलातून वळता केला की ३० पैसे मिळतात. म्हणजे रोखीच्या तुलनेत माइल्स चौपट फायद्याचे, पोर्टलच्या तुलनेत थोडेसेच. रोख तिकीट अलीकडे आणखी महाग झाले आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीचा ५ टक्केच राहिला. हे गणित प्रत्येक तिकिटाच्या वेळी नव्याने करावे. दोन मिनिटे लागतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की हे सगळे श्रीमंतांचे खेळ आहेत. देवासच्या पेन्शनरने किंवा धारच्या शिक्षकाने इतके पॉइंट्स आणायचे कुठून? आक्षेपात तथ्य आहे आणि ते आकड्यांनीच दिसते. वर्षाला सहा लाख रुपये कार्डावर खर्च झाले आणि शंभर रुपयांना दोन माइल्स मिळाले, म्हणजे भारतात बऱ्यापैकी चांगलेच कार्ड धरले, तर वर्षाचे माइल्स होतात बारा हजार. एका माणसाच्या एका बाजूच्या तिकिटाला साडेसात वर्षे, दोघांच्या तिकिटाला पंधरा. तेवढ्या काळात तिकिटाला लागणाऱ्या माइल्सचा तक्ता किती वेळा बदलेल ते वर पाहिलेच. म्हणून मध्यम खर्चाच्या घराने भारतातल्या कार्डांवर बिझनेस क्लासची स्वप्ने रचू नयेत. त्यांच्यासाठी वार्षिक शुल्क नसलेले साधे कॅशबॅक कार्ड बरे. पण याचा अर्थ ते घर या वाटेने जाऊच शकत नाही असा नाही. पॉइंट्स आईवडिलांनी मिळवायला हवेत हेच मुळात चुकीचे गृहीत आहे. ते परदेशातल्या मुलाने किंवा मुलीने मिळवायचे असतात.

अमेरिकेत नवे कार्ड घेऊन पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच हजार डॉलर खर्च केले की साठ-पंचाहत्तर हजार पॉइंट्सचा बोनस देणारी, वर्षाला शंभर डॉलरच्या आत शुल्क असलेली कार्डे आहेत. चेस, अमेरिकन एक्सप्रेस, कॅपिटल वन यांचे पॉइंट्स एरोप्लानसारख्या योजनांत साधारण एकास एक वळतात. किराणा, पाळणाघर, गाडीचा विमा हे खर्च तसेही व्हायचेच असतात. नवरा-बायकोने सहा महिन्यांच्या अंतराने एकेक कार्ड घेतले तर आईवडिलांच्या एका बाजूच्या तिकिटांचा मोठा भाग तिथेच जमतो. धारमधल्या कार्डावर दहा वर्षांत जे जमले नसते ते तिकडे एका वर्षात होते. काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. घराचे कर्ज काढायचे असेल तर आधीच्या वर्षभरात नवी कार्डे घेऊ नयेत, कारण प्रत्येक अर्जाची नोंद पतइतिहासात राहते. चेस बँक गेल्या २४ महिन्यांत पाच किंवा अधिक नवी कार्डे घेतलेल्याला सहसा नकार देते, म्हणून पहिले कार्ड तिचे घेणे शहाणपणाचे. कॅनडात एरोप्लानची स्वतःची कार्डे आहेत आणि तिथेही सुरुवातीचा बोनस हाच मोठा वाटा असतो. मुलांनी आईवडिलांना दरवर्षी काय पाठवायचे याचा विचार करताना हा पर्याय डोळ्यांसमोर ठेवावा, एवढेच म्हणणे आहे.

भारतातली कार्डे खऱ्या अर्थाने कामाची आहेत ती व्यवसाय करणाऱ्यांना: पिथमपूरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे, देवासच्या औद्योगिक वसाहतीतले ठेकेदार, औषधांचे घाऊक व्यापारी. पुरवठादार कार्ड घेत असतील आणि वर्षाला पंचवीस-तीस लाख त्यावरून जात असतील तर दीड-दोन वर्षांत एक तिकीट निघते. पण आधी कार्डाचे नियम नीट वाचा. घरभाडे, इंधन, वॉलेट, सरकारी कर यांवर बहुतेक बँका पॉइंट्स देत नाहीत किंवा त्यावर मर्यादा घालतात. पॉइंट्ससाठी ओळखीच्या माणसाला खोटे भाडे दाखवून पैसे फिरवण्याचा प्रकार बँका ओळखतात आणि कार्ड बंद करतात, साठलेले पॉइंट्सही जातात. शिवाय वर्षभरात कार्डाची बिले दहा लाखांच्या वर भरली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. यात गैर काही नाही, पण विवरणपत्रातले उत्पन्न आणि कार्डावरचा खर्च यांचा मेळ असायला हवा.

आणि एक गोष्ट कोणत्याही कार्डाला लागू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिल पूर्ण न भरता किमान रक्कम भरून पुढे ढकलण्याची सवय असेल तर पॉइंट्सचा विषय तिथेच बंद करावा. भारतात कार्डाचे व्याज बहुधा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे असते. एक लाख रुपये महिनाभर थकले तर व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून चार हजारांच्या वर गेले, आणि त्या लाखावर मिळाले होते दोन हजार माइल्स. अशा व्याजावर वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा ग्राहक आयोगाने घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. म्हणजे या बाबतीत संरक्षण आपल्याच हातात आहे.

आता तिकीट काढण्याचे. इथे एक गोष्ट समजली की निम्मे काम होते: ज्या कंपनीचे विमान, तिचेच माइल्स हवेत असे नाही. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात आहे. त्यामुळे एअर इंडियाच्या विमानातली जागा एरोप्लानच्या, युनायटेडच्या किंवा क्रिसफ्लायरच्या माइल्सवर घेता येते, आणि एअर इंडियाच्या महाराजा क्लबच्या (२०२५ पर्यंतचे त्याचे नाव फ्लाइंग रिटर्न्स) पॉइंट्सवर लुफ्तान्सा किंवा युनायटेडची. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे तिचे जुने पॉइंट्स असतील तर तेही आता याच क्लबात शोधावेत. त्याच जागेसाठी एक योजना नव्वद हजार मागते आणि दुसरी दीड लाख, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय हलू नये. एरोप्लानचा विशेष असा की भागीदार कंपन्यांच्या तिकिटावर ती इंधन अधिभार लावत नाही. काही युरोपीय कंपन्यांच्या माइल्सवर मात्र तिकीट ‘फुकट’ मिळूनही अधिभाराचे तीस-चाळीस हजार भरावे लागतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या तक्त्यात भारतीय उपखंडातून अमेरिकेला भागीदार कंपनीच्या बिझनेस क्लासने एका बाजूला ७०,००० माइल्स लागतात आणि त्यात दोहामार्गे कतार एअरवेजही येते. जुलै २०२५ पासून अमेरिकेतल्या सिटी बँकेचे पॉइंट्स तिकडे वळवता येऊ लागल्यामुळे ही वाट मुलांसाठी सोपी झाली आहे.

जागा शोधायची तर आधी माइल्स असण्याची गरज नाही. एरोप्लान आणि युनायटेडच्या संकेतस्थळावर खाते उघडून पॉइंट्समधले भाव पाहता येतात, सीट्स.एअरोसारखी साधने अनेक दिवसांच्या तारखा एकदम दाखवतात. जागा दिसली की दुसऱ्या योजनेतही ती दिसते का ते पाहावे, कारण कधीकधी यादीत असलेली जागा शेवटच्या पायरीवर मिळत नाही. पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन खात्री करावी, आधीची-नंतरची एक तारीख राखीव ठरवावी आणि मगच बँकेतून पॉइंट्स वळवावेत. अमेरिकन बँकांतून रूपांतर बहुधा काही मिनिटांत होते. भारतीय बँकांतून काही दिवसही लागतात आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. राखीव तारीख त्याचसाठी.

विमान कोणते आहे हेही पाहावे, कारण माइल्स तेवढेच लागतात आणि मिळणारी वस्तू मात्र वेगळी असते. एअर इंडियाने नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-न्यूयॉर्क आणि जानेवारी २०२५ पासून दिल्ली-न्यूअर्क मार्गावर नवी ए३५० विमाने लावली. त्यातली बिझनेस क्लासची प्रत्येक जागा दार लावता येणारी आहे. जुन्या ७७७ आणि ७८७ मधल्या खुर्च्या बऱ्याच वापरलेल्या आहेत आणि त्यांच्या नूतनीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने होते आहे. दुसरे म्हणजे एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. त्यामुळे दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची उड्डाणे लांबली, काहींना युरोपात तांत्रिक थांबा घ्यावा लागला, आणि दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवण्यात आली. परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही. म्हणून ‘थेट विमान म्हणजे सोयीचे’ हा नियम डोळे झाकून पाळू नये. दोहा किंवा फ्रँकफर्टला दोन-तीन तास उतरून पाय मोकळे करणे सत्तरीतल्या माणसाला सलग सतरा तासांपेक्षा सुखाचे जाऊ शकते. मात्र मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी तपासावे. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर अनेक ठिकाणी सूट मिळते, पण नियम देशागणिक वेगळे आहेत.

इतर देशांचे थोडक्यात. ऑस्ट्रेलियासाठी क्रिसफ्लायर ही आपल्याला सर्वांत जवळची वाट, कारण एचडीएफसी, अ‍ॅक्सिस आणि भारतातले अमेरिकन एक्सप्रेस या तिन्हींतून तिकडे पॉइंट्स जातात आणि सिंगापूरला प्रवास साधारण मध्यावर तुटतो. खातेदार इतर पाच जणांची नावे तिकिटासाठी नोंदवू शकतो; आईवडील, सासू-सासरे त्यात बसतात. लंडनचे गणित वेगळे आहे. ब्रिटनहून निघणाऱ्या बिझनेस क्लासच्या प्रवाशाला तिथला प्रवासकर इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त पडतो. भारताच्या अंतरासाठी २०२५ पासून तो माणशी दोनशे पौंडांच्या वर आहे. तो माइल्सच्या तिकिटावरही भरावा लागतो. म्हणून लंडनला जाताना माइल्स वापरावेत आणि नऊ तासांच्या परतीला जादा पाय पसरता येतील अशी इकॉनॉमीची जागा विकत घ्यावी, हे मला जास्त पटते.

दुसरा आक्षेप नेहमीचा: जागाच मिळत नाहीत. शाळेच्या सुट्टीत, दिवाळीच्या आठवड्यात किंवा ख्रिसमसला चार जणांना एकाच विमानात जागा शोधणाऱ्याला त्या मिळत नाहीत हे खरे. पण निवृत्त आईवडिलांजवळ जे आहे ते नोकरदाराजवळ नाही: तारखांची मोकळीक. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. जायची तारीख बाळंतपणाने बांधली असली तरी परतीची तीन-चार आठवडे पुढेमागे होऊ शकते. जागा प्रामुख्याने दोन वेळा सुटतात: साधारण अकरा महिने आधी तिकिटे खुली होतात तेव्हा, आणि उड्डाणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत रिकाम्या राहिलेल्या. म्हणून येण्याचे आणि जाण्याचे तिकीट वेगवेगळे काढावे. एका बाजूपुरतेच माइल्स असतील तर ते जाताना वापरावेत. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, उड्डाण परतीपेक्षा दीड-दोन तासांनी लांब पडते, आणि उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहायचे असते. दोघांपैकी एकालाच जागा मिळत असेल तर दुसऱ्यासाठी थांबण्यापेक्षा ती घ्यावी. ज्याचे गुडघे जास्त दुखतात त्याला ती द्यावी आणि दुसरी जागा शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज पाहत राहावे.

तिसरा आक्षेप खुद्द आईवडिलांचा असतो: आमच्यावर एवढा खर्च कशाला, आम्ही बसून जाऊ. मुलांनी त्याला पैशांचे उत्तर देऊ नये. तासन्‌तास न हलता बसल्याने पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो, आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना पाय वर घेऊन चार-पाच तास सलग झोप मिळणे ही चैन नाही. पण हेही मान्य करायला हवे की आरामाच्या सगळ्या गोष्टी बिझनेस क्लासवर अवलंबून नाहीत. व्हीलचेअर इकॉनॉमीतही विनामूल्य मिळते, ती तिकीट काढतानाच नोंदवावी. इंदूर, दिल्ली आणि पलीकडचा विमानतळ तिन्हीकडे ती लागेल असे स्पष्ट सांगावे. मधुमेहींचे किंवा जैन पद्धतीचे जेवणही आधी नोंदवता येते. ज्या घराला माइल्स जमवणे शक्य नाही त्याने एवढे जरी नीट केले, मधल्या थांब्याचे विमान घेतले आणि वाटेकडेची जागा विकत घेतली तरी अर्धा त्रास कमी होतो.

माइल्सच्या तिकिटाचा एक गुण कमी लोकांना ठाऊक आहे. ते रद्द करणे स्वस्तातल्या रोख तिकिटापेक्षा बहुधा सोपे असते. युनायटेडच्या माइल्सवरचे तिकीट उड्डाणाआधी रद्द केले तर माइल्स आणि कर परत मिळतात. इतर योजना थोडे शुल्क घेतात. मध्य प्रदेशातल्या अर्जदारांची अमेरिकन व्हिसाची मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात असते आणि तारखा कधी लांबतील सांगता येत नाही. आईवडिलांच्या तब्येतीचेही तसेच. म्हणून तिकीट काढण्याआधी रद्द करण्याचे शुल्क वाचून ठेवावे आणि शक्य तो व्हिसा हातात आल्यावरच माइल्स वळवावेत.

शेवटी नावांचे, कारण आपल्याकडे अडचण इथेच येते. पवार हे एकच आडनाव धार-देवासच्या कागदपत्रांत पवार, पुआर, पंवार अशा तीन-चार तऱ्हांनी इंग्रजीत लिहिलेले सापडते. आधारवर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. तिकिटावर आणि माइल्सच्या खात्यावर पासपोर्टमधलेच हिज्जे अक्षरशः उतरवावेत. पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही असेल तर ते गाळू नये. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारून घ्यावे. भारतीय बँकेतून पॉइंट्स बहुधा कार्डधारकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच जातात, म्हणून वडिलांचे पॉइंट्स मुलाच्या खात्यात टाकण्याचा बेत आधीच तपासावा. परदेशातला मुलगा मात्र एरोप्लान किंवा युनायटेडच्या आपल्या खात्यातून आईवडिलांचे तिकीट सरळ काढू शकतो. आणि निम्म्या किमतीत बिझनेस क्लास देतो म्हणणारा कोणी मध्यस्थ भेटला, तर तो बहुधा दुसऱ्याच्या खात्यातले माइल्स विकत असतो. विमान कंपन्यांना ते मान्य नाही. कळले की तिकीट रद्द होते, आणि ते कळते दिल्लीच्या चेक-इन काउंटरवर. एक-दोन हजार माइल्स कमी पडत असतील तर ते थेट विमान कंपनीकडूनच विकत घ्यावेत. तेवढी सोय जवळपास प्रत्येक योजनेत असते.